आधी बोर्डाला विचार

“याले नवा प्रोसेसर बसी का, भो?” असं विचारणारं गिऱ्हाईक पारोळ्याहून येवो की चोपड्याहून, त्याला लगेच हो म्हणायचं नाही, भाचेबुवा, आणि नाहीही म्हणायचं नाही. तू आता जळगावात गोलाणी मार्केटला काउंटरवर बसायला लागलास. माझी हयात धुळ्यात आग्रा रोडच्या आजूबाजूला सीपीयूच्या डब्यांत डोकं खुपसण्यात गेली. म्हणून मामाच्या नात्याने काही गोष्टी कानात घालतो. बसेल की नाही हे गिऱ्हाइकाला माहीत नसतं. तुलाही नसतं. ज्याच्याकडून तू माल उचलतोस त्या होलसेलवाल्याला तर स्टॉकात काय पडलंय तेवढंच माहीत असतं. उत्तराची सुरुवात बोर्डावर छापलेली असते, ती वाचायचा कंटाळा करायचा नाही.

गिऱ्हाईक सांगतं, “आय फाइव्ह आहे, चार जीबी आहे.” एवढ्यावर पार्ट काढून द्यायचा नाही. डब्यावरच्या स्टिकरवर तर मुळीच जाऊ नकोस. आपल्याकडे एकेक कॅबिनेट दोन-तीन मालक बघतं, आतला बोर्ड कधीच बदललेला असतो आणि दर्शनी बाजूला चिकटलेलं स्टिकर पहिल्या मालकाच्या काळातलं असतं. मशीन चालू असेल तर विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबून एमएसइन्फो३२ टाक. बेसबोर्ड प्रॉडक्टच्या ओळीत मॉडेल दिसतं. सीपीयू-झेड टाकलंस तर मेनबोर्डच्या पानावर मॉडेलसोबत चिपसेट आणि बायोसची आवृत्तीही मिळते. स्वस्तातल्या बोर्डांवर कधी कधी नावाच्या जागी ‘टू बी फिल्ड बाय ओईएम’ एवढंच येतं, म्हणजे बनवणाऱ्याने रकाना भरायचीही तसदी घेतलेली नाही. अशा वेळी, आणि मशीन मेलेलं असेल तेव्हाही, बाजूचा पत्रा काढायचा.

पत्रा काढलास की आधी ब्लोअर. आपल्याकडची धूळ तुला माहीत आहे, त्यात दाल मिलमधलं मशीन असेल तर बोर्डावर पीठच बसलेलं असतं. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेव, मोकळी गरगरू देऊ नकोस. मग मोबाईलचा टॉर्च लाव. बोर्डाचं नाव बहुधा प्रोसेसर आणि पहिल्या लांब स्लॉटच्या मधल्या जागेत ठळक छापलेलं असतं. तेवढ्यावर थांबायचं नाही. एखाद्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरात, ‘रेव्ह १.०’ किंवा ‘२.०’ असं काही दिसेल. ते बोर्डाचं रिव्हिजन. एकाच नावाचे दोन बोर्ड, रिव्हिजन वेगळं, आणि एकावर चालणारा प्रोसेसर दुसऱ्यावर चालत नाही असं होतं. दोन्हींचा फोटो काढून ठेव. आणि फोनवर ऐकलेल्या नावावर कधीच माल पाठवू नकोस. ‘एच सिक्स्टीवन’ आणि ‘एच सिक्सटेन’ ऐकायला जवळ आहेत. एच६१ आला २०११ मध्ये आणि एच६१० आला २०२२ मध्ये. एका शून्याने अकरा वर्षं सरकतात.

नाव हातात आलं की बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलचं पान उघडायचं आणि सपोर्टमध्ये सीपीयूची यादी काढायची. या यादीत पोरं फक्त प्रोसेसरचं नाव शोधतात, सापडलं की खूश होतात. तिथे आणखी एक रकाना असतो: कोणत्या बायोसपासून. माझ्या हाताखाली शिकलेल्यांना मी तो रकाना मोठ्याने वाचायला लावतो. कारण निम्मी भांडणं तिथेच असतात.

एच६१ चंच घे. खान्देशात अजूनही हा बोर्ड ठिकठिकाणी सापडतो, सेतू केंद्रात, क्लासमध्ये, किराणा होलसेलमध्ये. तो आला तेव्हा त्यावर इंटेलची दुसरी पिढी चालायची. तिसरी पिढी २०१२ मध्ये आली. सॉकेट तोच, एलजीए ११५५. म्हणून गिऱ्हाईक आय३-२१०० काढून आय५-३४७० टाकायला सांगतं आणि तूही टाकतोस. पंखा फिरतो, स्क्रीन काळी. प्रोसेसर खराब नाही, बोर्डही खराब नाही. बोर्डातला बायोस त्या प्रोसेसरला ओळखत नाही, एवढंच. जुना प्रोसेसर परत लावायचा, बायोस अपडेट करायचा, मग नवा लावायचा. पण बोर्ड नुसता आला असेल, जुना प्रोसेसर गिऱ्हाइकाने आधीच विकून टाकला असेल, तर? म्हणून दुकानात एक डबी ठेव. प्रत्येक सॉकेटचा एकेक जुना, स्वस्तातला, पण चालू प्रोसेसर तीत असू दे: ११५५ चा पेंटियम, ११५० चा सेलेरॉन, ११५१ चा एखादा, एएम४ चा पहिल्या पिढीतला रायझन. ही डबी विकायची नसते.

आता सगळ्यात फसवा सॉकेट, एलजीए ११५१. २०१५ मध्ये सहावी पिढी आली, मग सातवी. त्यांचे बोर्ड एच११०, बी१५०, बी२५०. २०१७ च्या ऑक्टोबरात आठवी पिढी आली, तिचा सॉकेटही ११५१. प्रोसेसर हातात घेऊन बघितलास तर खाचा त्याच जागी. एच११० वर आठव्या पिढीचा आय३ अलगद बसतो, लिव्हरही लागते. पण चालत नाही. आतल्या काही पिनांचं काम इंटेलने बदललं आणि जुन्या चिपसेटला नवे प्रोसेसर दिलेच नाहीत. आठवी-नववीला एच३१०, बी३६० या घरातला बोर्ड लागतो. तेव्हा ‘बसतो का’ आणि ‘चालतो का’ हे दोन वेगळे सवाल आहेत, आणि गिऱ्हाईक पहिला विचारत असलं तरी तुला दुसऱ्याचं उत्तर द्यायचं असतं.

दहावी आणि अकरावी पिढी एलजीए १२०० वर आहेत. एच५१० वर दोन्ही चालतात, एच४१० वर फक्त दहावी. त्यातही नंतर काही कंपन्यांनी नावाला व्ही२ असं शेपूट लावून वेगळ्या चिपवर तेच बोर्ड पुन्हा आणले, त्यांवर अकरावी चालते. शेपटासकट वाच म्हणतो ते यासाठी. बारावी, तेरावी, चौदावी एलजीए १७०० वर. सॉकेट एकच, पण बोर्ड जुना असेल तर तेरावी-चौदावीला बायोस नवा लागतो. एएमडीचं बरं आहे. त्यांनी एएम४ खूप वर्षं चालवला, पण त्यामुळेच तिथे बायोसची आवृत्ती बघणं जास्त गरजेचं. ए३२० वर रायझन ५००० चालायला २०२२ उजाडलं, आणि तेही नवा बायोस टाकल्यावर.

आणखी एक, नावाच्या शेवटच्या अक्षराकडे बघ. इंटेलच्या नावाला एफ लागलं असेल, आय३-१२१००एफ सारखं, तर आत ग्राफिक्स नाही. तो स्वस्त दिसतो म्हणून टॅलीवाल्याला दिलास तर मॉनिटरची वायर बोर्डाला लावून तू आणि तो काळ्या स्क्रीनकडे बघत बसाल. रायझन ५६०० चंही तसंच. ग्राफिक्स हवं तर जी वाला घ्यायचा.

बायोस अपडेटबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण हे काम आपल्या भागात वेगळ्या जिवाने करावं लागतं. दीपनगरचं वीजकेंद्र उशाशी आहे, तरी लाइट जायची तेव्हा जातेच. बायोस लिहिला जात असताना वीज गेली की बोर्ड मेला. मग बायोसची आठ पायांची बारीक चिप सीएच३४१ए प्रोग्रामरला क्लिप लावून पुन्हा भरायची, आणि ते सगळ्यांकडे नसतं. यूपीएस लावलाय म्हणून निर्धास्त राहू नकोस. दुकानातल्या यूपीएसची बॅटरी उन्हाळ्यात कधी बसली ते कोणाच्या लक्षातही नसतं. आधी मशीन चालू ठेवून यूपीएसचा प्लग भिंतीतून काढून बघ, पाच मिनिटं धरतो का. इन्व्हर्टर असेल तर मागचं बटण यूपीएस मोडवर आहे का ते बघ. साध्या मोडवर बदलाबदलीला जेवढा वेळ जातो तेवढ्यात मशीन रीस्टार्ट होतं, पंखा-ट्यूबला मात्र कळतही नाही. फाइल त्याच मॉडेलची आणि त्याच रिव्हिजनची, पेन ड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेला, आणि विंडोजमधून न करता बायोसच्याच मेनूतून. सकाळी कर. वादळी हवा असेल, आभाळ आलं असेल, तर गिऱ्हाइकाला उद्या ये म्हण.

सॉकेटचं झाकण उघडलंस की प्रोसेसर लावण्याआधी टॉर्च तिरपा धरून बघ. इंटेलच्या बोर्डात पिना बोर्डावर असतात. सरळ असल्या तर सगळ्या रांगा एकसारख्या चमकतात. एखादी वाकलेली असेल तर त्या जागी चमक तुटते, काळा ठिपका दिसतो. जुना बोर्ड विकत घेताना पैसे देण्याआधी हे बघायचं, घेऊन आल्यावर नाही. एएम४ मध्ये उलट, पिना प्रोसेसरला. तिथे कूलर सरळ वर ओढलास तर सुकलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसरही उपटून येतो. मशीन थोडा वेळ चालवून गरम कर, मग बंद करून कूलर डावीकडे-उजवीकडे हलकेच पिळ, सुटला की उचल. कूलरही जुळतो का बघावं लागतं. ११५५ पासून १२०० पर्यंत भोकांचं अंतर एकच आहे, म्हणून जुना कूलर चालतो. १७०० ला अंतर वाढलं, तिथे वेगळी क्लिप लागते.

आता रॅम. गिऱ्हाइकाला सगळ्यात सोपं वाटतं ते हे, आणि पैसे सगळ्यात जास्त इथेच बुडतात.

डीडीआर३, डीडीआर४, डीडीआर५ या तिघांची खाच वेगवेगळ्या जागी असते. डीडीआर४ ची खालची कड मधून किंचित फुगीर असते. पट्टी जाता जाईना तर दाबायचं नाही, उलटी आहे की चुकीची आहे ते बघायचं. एवढं शेंबड्या पोरालाही कळतं. घोटाळा पुढे आहे. एकाच नावाचा बोर्ड दोन प्रकारात येतो: एच६१० चे काही डीडीआर४ वाले, काही डीडीआर५ वाले, फरक फक्त नावाच्या शेवटी डी४ असण्याचा किंवा नसण्याचा. बोर्ड एकाने आणला, रॅम दुसऱ्याने, आणि दोघेही बरोबर. २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव असे चढले की चुकून आणलेली पट्टी परत घ्यायला कोणी तयार होईना. तेव्हापासून मी आधी बोर्ड उघडून खाच बघतो, मगच रॅमचा भाव विचारतो.

जुन्या मशीनमध्ये पट्टीवरच्या चिपा मोजायच्या. जी४१ बोर्डावर डीडीआर३ ची ४ जीबीची पट्टी हवी असेल तर तिच्यावर दोन्ही बाजू धरून सोळा चिपा हव्यात. आठ चिपांची तीच ४ जीबी लावलीस तर बोर्ड एक तर निम्मी दाखवतो किंवा नुसता बीप मारतो. कारण त्या काळच्या चिपसेटला मोठ्या क्षमतेची एकेक चिप हाताळता येत नाही. एच६१ ला दोनच स्लॉट, एकात जास्तीत जास्त ८ जीबी, म्हणजे १६ च्या पुढे गोष्ट संपली. ऑनलाइन ८ जीबीची डीडीआर३ पट्टी फारच स्वस्त दिसली की बारीक अक्षरात ‘फक्त एएमडी’ लिहिलंय का ते बघ. ती इंटेलच्या बोर्डावर चालणार नाही. त्याहून स्वस्त मिळते ती सर्व्हरमधून काढलेली, रजिस्टर्ड ईसीसी. खाच जुळते, पट्टी आत जाते, आणि मशीन उठत नाही. पट्टीच्या स्टिकरवर आर अक्षर बघ, म्हणजे १२८००आर असं काही, आणि मधोमध एक वेगळी आडवी चिप दिसते का बघ. दिसली की हात लावायचा नाही.

वेगाचं फार मनावर घेऊ नकोस. ३२०० ची डीडीआर४ पट्टी एच११० वर लावली तर ती २१३३ किंवा २४०० वरच चालते. नुकसान काही नाही, पण गिऱ्हाइकाला ‘बत्तीसशेची टाकली, आता पळेल’ असं सांगू नकोस.

एसएमपीएसचं सांगितलं नाही तर माझ्या जिवाला बरं वाटणार नाही. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या डब्यावर ४५० वॅट लिहिलेलं असतं. ते वाचायचं नाही. खालच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात अँपिअर किती ते वाच आणि १२ ने गुण. १६ अँपिअर असतील तर १९२ वॅट. आता गिऱ्हाईक फोटो स्टुडिओवालं आहे, अल्बम करतं, त्याला आरटीएक्स ३०५० टाकायचंय. त्या कार्डाला एकट्याला १३० वॅट, आय५ ला ६५. झाले १९५, पंखे आणि डिस्क अजून मोजलेच नाहीत. बोर्डावर कार्ड बसेल, बोर्ड त्याला ओळखेल, आणि लग्नसराईत ऐन एक्स्पोर्टच्या वेळी मशीन बंद पडेल. बारीक नळीवर मोठी मोटार लावून केळीला पाणी पोचत नाही, तसंच हे. आणि आपल्या मे महिन्याचा हिशोब वेगळा धर. बाहेर ४५ अंश असताना पत्र्याच्या खोलीतलं मशीन आधीच तापलेलं असतं, तिथे एसएमपीएस लिहिलेली ताकद देत नाही. बोर्डावर प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या चिपा, व्हीआरएम म्हणतात त्या, सॉकेटच्या डाव्या बाजूला असतात. स्वस्त बोर्डावर त्यांच्यावर ॲल्युमिनियमचा ठोकळाच नसतो. यादीत आय७ चालतो असं लिहिलं असलं तरी अशा बोर्डावर जळगावच्या उन्हाळ्यात मी आय७ देत नाही. यादी बनवणाऱ्याने मे महिन्यातलं भुसावळ बघितलेलं नसतं.

मुंबई-पुण्याच्या कंपन्यांतून निघालेली डेल, एचपी, लेनोव्होची मशीनं आता गावोगाव येतात, आणि टॅली-एक्सेलला ती उत्तम. पण त्यांत हात घालताना जपून. बऱ्याच मॉडेलांत बोर्डाला नेहमीचं चोवीस पिनांचं पॉवर कनेक्टर नसतं; कुठे सहा, कुठे आठ, कुठे चौदा पिना. बाजारातला एसएमपीएस थेट लागत नाही, कन्व्हर्टर वायर लागते. बोर्ड जळाला तर दुसरा साधा बोर्ड त्या डब्यात बसत नाही, आणि पुढच्या बटणाची वायरही त्यांचीच. डबा बारका असेल तर ग्राफिक्स कार्ड अर्ध्या उंचीचं आणि बाहेरून वीज न घेणारं हवं. अशा मशीनला रॅम आणि एसएसडी द्यायची, बाकी काही नाही.

एसएसडीचं चटकन सांगतो. एच६१ चा साटा जुना, तीन गिगाबिटचा, म्हणून एसएसडी निम्म्या वेगाने चालते असं कोणी तुला सांगेल. खरं आहे, आणि काही बिघडत नाही. हार्ड डिस्ककडून आलेल्या माणसाला तेवढ्यानेच मशीन नवं वाटतं. एनव्हीएमई मात्र त्याला द्यायची नाही. स्लॉटात कार्ड लावून ती डिस्क दिसते, पण जुन्या बायोसला तिच्यावरून विंडोज उठवता येत नाही. आणि एम.२ ची खाच दिसली म्हणून एनव्हीएमई चालेलच असंही नाही, काही खाचा नुसत्या साटाच्या असतात. बोर्डाचं पान वाच.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून ‘अकरा टाकून द्या’ म्हणणाऱ्यांची रीघ लागली. विंडोज ११ ला नियमाने टीपीएम २.० लागतं आणि इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची, एएमडीत रायझन २००० पासून पुढे. आठवीपासून पुढच्या बोर्डांत टीपीएम बहुधा असतं, फक्त बायोसमध्ये बंद असतं. इंटेलमध्ये पीटीटी आणि एएमडीत एफटीपीएम या नावाने शोध आणि चालू कर. एवढ्यासाठी काहींना नवा बोर्ड विकला गेलाय, ते पाप आपल्या दुकानात नको. एच६१, एच८१, एच११० वाल्याला मात्र स्पष्ट सांग: यात प्रोसेसर बदलून अकरा नियमात बसणार नाही; बोर्ड, प्रोसेसर, रॅम तिन्ही बदलावे लागतील. लगेच जमत नसेल तर विंडोज १० ला वर्षभराचे जादा अपडेट मायक्रोसॉफ्टच्या खात्यावरून घेता येतात, ऑक्टोबर २०२६ पर्यंत. तेवढ्यात त्याचा कापूस विकला जाईल.

बोर्ड बदलताना जुनी डिस्क तशीच उचलून लावायची घाई करू नकोस. जुनं विंडोज लेगसी पद्धतीने टाकलेलं असतं आणि अकराव्या पिढीच्या पुढच्या बोर्डांवर, बोर्डाच्याच ग्राफिक्सवर चालवायचं तर, ती पद्धत मिळत नाही. डिस्क दिसते, उठत नाही. डेटा बाजूला काढ, नव्याने टाक. मशीनसोबत आलेलं विंडोजचं लायसन जुन्या बोर्डाला बांधलेलं असतं, तेही आधीच सांग, नंतर सांगितलं की लपवलं असं वाटतं.

आता ज्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला बसलो ते सांगतो. वरचं सगळं जुळलं, मशीन उठलं, विंडोज आलं, तरी काम झालं असं नाही. त्या मशीनच्या मागे काय काय लावलेलं होतं ते सोडवायच्या आधी बघितलंस का?

आपल्याकडे जिनिंग आहेत, दाल मिल आहेत, बाजार समित्या आहेत, आणि जिथे ट्रक-ट्रॅक्टर मोजतात तिथे काट्याची वायर संगणकाला नऊ पिनांच्या सीरियल पोर्टमधून येते. नव्या बोर्डाच्या मागे तो पोर्ट नसतो. तू संध्याकाळी नवंकोरं मशीन लावून येतोस आणि सकाळी फोन येतो: काटा दिसत नाही, कापसाच्या गाड्या रांगेत उभ्या आहेत. बोर्ड घेण्याआधीच त्याच्या नकाशात ‘कॉम’ नावाचं हेडर आहे का ते बघ. बऱ्याच बोर्डांवर खालच्या कडेला दोन रांगांत नऊ पिना असतात, दहावी जागा रिकामी. त्याला वायर आणि पट्टी लावून मागे पोर्ट काढता येतो. पिनांचा क्रम सगळ्यांचा एक नसतो, मॅन्युअल बघून वायर घे. हेडर नसेल तर यूएसबी ते सीरियल कन्व्हर्टर, पण फार स्वस्तातला नको. त्यातल्या नकली चिपांना विंडोज १० चा ड्रायव्हर ओळख देत नाही. आणि काट्याचं सॉफ्टवेअर बहुधा कॉम१ च शोधतं. कन्व्हर्टर लावल्यावर कॉम३, कॉम५ असं काहीतरी मिळतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या पोर्टच्या ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन नंबर बदल. बॉड रेट जुन्या मशीनवर काय होता ते सोडवण्याआधीच टिपून ठेव.

डॉट मॅट्रिक्स प्रिंटर अजून आहेत. त्यांची जाड वायर समांतर पोर्टची, तीही मागे असेल तर बोर्डावर एलपीटी हेडर बघ. सुतारकामाच्या कारखान्यात दरवाज्यावर नक्षी कोरणारं सीएनसी राउटर असेल तर आत एक कार्ड असतं, जुन्या पांढऱ्या पीसीआय स्लॉटातलं, आणि त्याचं सॉफ्टवेअर कधी कधी एक्सपी किंवा ३२ बिटच्या विंडोज ७ वरच चालतं. त्या कार्डाला नव्या बोर्डात जागाच नाही. तिथे मालक कितीही म्हणाला ‘एकदम लेटेस्ट टाक’, तरी तसाच जुना बोर्ड शोधून दे, एक चालू आणि एक जादा. अशा गिऱ्हाइकासाठी जुने पीसीआयवाले बोर्ड मी भंगारात देत नाही, कपाटावर पेपरात गुंडाळून ठेवतो. माझी बायको त्याला उंदरांची सोय म्हणते.

म्हणून पत्रा काढण्याआधी मशीनच्या पाठीचा एक फोटो काढ, सगळ्या वायरी लावलेल्या असताना. आणि बिलावर ‘मदरबोर्ड १ नग’ असं लिहू नकोस. मॉडेल, रिव्हिजन, टाकलेल्या बायोसची आवृत्ती, रॅमचा प्रकार लिही. दोन वर्षांनी तोच माणूस शिरपूरहून फोन करून विचारेल तेव्हा तुला अंदाजाने बोलायला नको.

एक राहिलं. नव्या बोर्डाच्या सॉकेटवर प्लास्टिकची काळी टोपी असते. प्रोसेसर लावताना ती उडून पडते आणि पोरं झाडूने लोटून देतात. ती उचलून बोर्डाच्याच खोक्यात टाक. वॉरंटीला बोर्ड पाठवताना सॉकेट उघडा असेल आणि वाटेत एक जरी पिन वाकली, तर तो बोर्ड तसाच परत येतो आणि भाडं आपल्या माथी बसतं.